दहा सेंटिमीटरची साक्ष

ताजनेबाई गेल्याचं मला त्यांच्या भावाकडून कळलं, तेही फुलं घ्यायला गेलो तेव्हा. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीचा पूल उतरल्यावर डाव्या हाताला त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी फळी आणि वर ताडपत्री. बाई दिसत नाहीत म्हणून विचारलं, तर भाऊ म्हणाला की मागच्या पोळ्याच्या आधीच ती गेली. एवढं सांगून तो पुन्हा शेवंती निवडायला लागला. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

ते आता सांगतो. अमरावतीत माझं जमीनमोजणीचं आणि नकाशांचं कार्यालय होतं. विमल ताजने तिथे बावीस वर्षं नकाशे काढत होत्या. आम्हाला काम देणाऱ्या एका कार्यालयाच्या फायलीत त्यांच्या नावापुढे असं लिहिलेलं आहे की, त्यांनी नकाशा चुकीचा छापला आणि ती चूक लपवण्यासाठी त्यातली एक रेघ मुद्दाम वाढवली. ती रेघ मी वाढवली होती. हे कळवणारी दोन पत्रं मी त्या कार्यालयाला पाठवली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं आलं, की इतकी जुनी फाइल सापडत नाही. फाइलच नाही तर आता कशाला, असं म्हणून मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्याची मला सवय आहे. पण माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्या फायलीतलं वाक्य मला पाठ आहे.

बाई उंचीने कमी, अंगाने सडपातळ, आणि बोलायला अशा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं भांडताहेत. माहेर माळ्याचं, फुलांचा धंदा. लग्न होऊन तेल्हाऱ्याला गेल्या होत्या, दीड वर्षात परत आल्या. त्याविषयी त्या बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. पहाटे उठून भावाच्या बरोबरीने हार गुंफायचे, मग अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने आमच्याकडे. दसऱ्याच्या दिवसांत त्यांची बोटं झेंडूने पिवळी असायची. नकाशाच्या कागदाला हात लावण्याआधी त्या लिंबाच्या फोडीने बोटं घासून धुवायच्या. कार्यालयाच्या मोरीत नेहमी अर्धं लिंबू असायचं. नवीन माणसाला वाटायचं, इथे कुणी रोज सरबत करतं.

त्यांच्या पर्समध्ये पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी असायची, जुन्या फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती त्या कुणाला देत नसत. कुणी मागितलीच तर स्वतः उठून जायच्या, मोजून द्यायच्या आणि परत येऊन बसायच्या. मोजण्याचं वेड होतं म्हणा. डब्यातली पोळी, चहाचा ग्लास, भिंतीवरचं कॅलेंडर, काहीही. आमचे शिपाई गणेशराव एकदा म्हणाले, "बाई, भाचीसाठी पोरगं पाहाले गेल्या तं त्यालेबी पट्टी लावसान तुमी." बाई मान वर न करता म्हणाल्या, "माह्या टायमाले कोनी लावली असती तं बरं झालं असतं." सगळे हसले. त्याही हसल्या. त्यांच्या लग्नाबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एवढंच.

त्यांची खरी खूण म्हणजे साक्षीदार. प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या बरोबर दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ काढत, दोन्ही टोकांना बारीक उभे काप देऊन. ही सवय हाताने नकाशे काढण्याच्या काळातली. तेव्हा नकाशांच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर निघत, आणि आमच्याकडची हवा अशी की चैत्रात कागद आकसायचा, आषाढात फुगायचा. कागद आकसला तर त्यावरचं प्रत्येक अंतर आकसतं. म्हणून नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यातली रेघ मोजायची. ती दहा भरली तर कागद खरा. नऊ-नऊ, म्हणजे मिलिमीटरभर कमी भरली, तर बाकी काही मोजायचंच नाही. "आधी साक्षीदाराले इचारा, मंग कागदाले," असं त्या जागेवर काम करणाऱ्या मिस्त्र्यांना बजावून सांगायच्या. हळूहळू आमच्या पट्ट्यातले सगळे मिस्त्री तसंच करायला लागले. एकाने तर मला सांगितलं होतं, की दुसऱ्यांच्या नकाशात साक्षीदार नसला तर हात पुढे जात नाही.

पुढे कॉम्प्युटर आले. सॉफ्टवेअर मी निवडलं, मीच आणलं. बाई तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या असतील. त्या बाहेर पडतील असं सगळ्यांना वाटलं. उलट चार महिन्यांत त्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. कॉम्प्युटरमध्ये जमीन तिच्या खऱ्या मापात राहते, दीडशे मीटर म्हणजे दीडशे मीटर, हे त्यांना फार आवडलं. तिथे आकसणं नाही, फुगणं नाही. पण तरी कोपऱ्यातला साक्षीदार त्यांनी सोडला नाही. मी चिडवायचो, की बाई, आता कशाला, मशीन कुठे आकसतं? त्या म्हणायच्या, "जमीन बरोबर हाय सर. पन याले कागद मालूम नाई. कागदावर उतरतानाच बिघडते."

मी दहा जणांसमोर म्हणालो होतो की आता हाताने तपासण्याचे दिवस गेले. हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी हे वाक्य आहे.

ज्या नकाशावरून सगळं झालं, तो सांडपाण्याच्या एका मोठ्या नालीचा होता. शहराबाहेर, बडनेऱ्याच्या बाजूला, भाजीपाल्याच्या मळ्यांतून नाली जायची होती. त्यात नत्थूजी नावाच्या एका म्हाताऱ्या माळ्याची विहीर होती. रस्त्याच्या दगडापासून विहीर साधारण एकशे पंचेचाळीस मीटरवर, आणि नाली दीडशेवर वळायची. म्हणजे विहिरीला धक्का न लावता. बाईंनी ती जागा दोनदा जाऊन पाहिली होती. विहिरीच्या पाण्यावर पालक आणि मेथी होती, आणि नत्थूजींनी त्यांना येताना दोन जुड्या बांधून दिल्या होत्या.

तोवर आम्ही नकाशे आमच्याच मशीनवर छापून देत होतो. या वेळी पहिल्यांदा नकाशाची पीडीएफ करून त्या काम देणाऱ्या कार्यालयाला मेलने पाठवायची होती, तिकडे ते छापून घेणार होते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात आली होती. संध्याकाळी पाचपर्यंत पाठवतो असा शब्द मी दिला होता. साडेतीनच्या सुमारास बाईंनी पीडीएफ केली, तिकडे छापतील तशीच खात्रीसाठी बाहेरून पूर्ण आकारात छापून आणवली, टेबलावर पसरली आणि पट्टी काढली.

"सर, साक्षीदार नऊ-सात भरून राहिला."

मी उठलो नाही. म्हणालो, कागद असेल. त्या म्हणाल्या, कागद नवा आहे, आणि उभाही मोजला, आडवाही मोजला, सगळीकडे तेवढंच कमी आहे. पुन्हा पीडीएफ केली, पुन्हा तेच. शंभराला सत्त्याण्णव. नकाशावर मात्र 'एकास पाचशे' असं छापलेलं. बाई म्हणाल्या, आज पाठवू नका. कुठे बिघडतंय ते उद्या सकाळपर्यंत शोधून काढते. मी म्हणालो, मोठी अंतरं आकड्यांत लिहिली आहेतच, कोण पट्टी लावून बसतंय. त्या म्हणाल्या, "मिस्त्री बसते, सर. आपनच शिकवलं त्यायले."

त्यांच्या गाडीची वेळ झाली. खराब छापलेला कागद गुंडाळून बगलेत मारून त्या निघाल्या. जाताना दारातून पुन्हा म्हणाल्या, आज नका पाठवू. मी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या बाजूने घेतला.

त्या गेल्यावर तिकडून फोन आला, नकाशा कुठे आहे. माझं सॉफ्टवेअर, माझा शब्द, आणि त्यांच्याकडचं पुढचं काम आम्हालाच मिळावं ही माझी खटपट. मी बाईंच्या खुर्चीवर बसलो. नकाशा मोठा कसा करायचा ते मला येत नव्हतं. एक गोष्ट येत होती. मी कोपऱ्यातली रेघ निवडली आणि दहाऐवजी दहा पूर्णांक एकतीस शतांश केली. पीडीएफ केली. आता कागदावर ती दहा भरणार होती. मला वाटलं, नकाशा चार बोटं इकडे-तिकडे झाला तर कुणाचं काय जातं. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. पाचला पाच कमी असताना मेल गेला. मग कुणाला दिसू नये म्हणून आमच्या फायलीतली रेघ मी पुन्हा दहाची करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या त्या जवळजवळ पळतच. हातात फुलांच्या पुडीचा वर्तमानपत्राचा कागद, त्यावर पेन्सिलीने केलेली आकडेमोड. गाडीत मांडीवर नकाशा पसरून त्यांनी त्याची बाहेरची चौकट मोजली होती. चौकट आठशे एक्केचाळीस मिलिमीटरची असायला हवी, ती आठशे सोळा भरली. फरक पंचवीस. म्हणजे प्रोग्रामने कागदाच्या दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा मिलिमीटरचा समास सोडला होता आणि अख्खा नकाशा दाबून त्यात बसवला होता. आकडे तसेच ठेवले, मापं आकसली. हे त्यांनी मला इतक्या आनंदाने समजावलं, की जणू घरात चोर सापडला होता. मग कॉम्प्युटरवर तो समासाचा आकडा शोधून शून्य केला. पीडीएफ केली, छापून आणली, मोजली. साक्षीदार दहा. त्यांनी पट्टी पदराला पुसली.

मग म्हणाल्या, हा नवा पाठवू या. मी सांगितलं, मी काल बघून नीट करून पाठवला.

"साक्षीदार दहाचा आला होता न, सर?"

"आला होता."

त्या माझ्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. म्हणाल्या, मले रातभर लागली आन् तुमी अर्ध्या घंट्यात केलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर ओंजळभर मोगरा ठेवला. त्यांनी मला दिलेली ती एकमेव फुलं.

पंधरा दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. म्हणाला, साहेब, आखणीचा चुना टाकला तर रेषेत विहीर येऊन राहिली, कागदात तर ती अलीकडे आहे. वळणाचं अंतर आकड्यात लिहिलेलं नव्हतं, ते पट्टीनेच मोजायचं होतं. दीडशे मीटर म्हणजे कागदावर तीस सेंटिमीटर. आमच्या आकसलेल्या कागदावर ते एकोणतीस-एक भरत होतं, आणि तो त्याचे एकशे पंचेचाळीस मीटर करत होता. हे मला फोनवरच कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी विचारलं, साक्षीदार मोजला का? तो म्हणाला, हो साहेब, आधी त्यालेच मोजलं, बरोबर दहा हाय. मी म्हणालो, मग कागदाप्रमाणे करा.

नत्थूजी तेव्हा तेल्हाऱ्याला मुलीकडे गेले होते. परत आले तेव्हा विहिरीचं बांधकाम फुटून आत मुरूम भरलेला होता.

चौकशी झाली. तिकडचे दोन अधिकारी आमच्याकडे आले. त्यांनी आमच्या पीडीएफवरून छापलेला नकाशा टेबलावर ठेवला आणि आमच्याकडच्या मूळ फायलीतून तोच पुन्हा छापायला लावला. नवा कागद निघाला तो बरोबर. तीस सेंटिमीटर, साक्षीदार दहा. बरोबर निघणारच, बाईंनी दोष काढून टाकला होता. म्हणजे सॉफ्टवेअर निर्दोष. जुना कागद सगळीकडे शंभराला सत्त्याण्णव, फक्त कोपऱ्यातली रेघ तेवढी पूर्ण. त्यातला एक अधिकारी हुशार होता. म्हणाला, छापताना कुणाकडून तरी आकार चुकला, आणि ते झाकायला रेघ वाढवली. मग मला विचारलं, ही रेघ कोण काढतं?

मी म्हणालो, "बाईच काढतात. नेहमी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ही हुशारी मला कुठून सुचली, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाईंनी जुना कागद ओढून घेतला. आधी रेघ मोजली. मग चौकट मोजली. आठशे सोळा. पट्टी तिथेच ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. एखादा अवघड हिशेब सुटल्यावर असतो तसा चेहरा होता. त्या थांबल्या होत्या. मी पंख्याकडे बघत होतो. शेवटी त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "ही रेघ माही नाई, साहेब." त्याने लिहून घेतलं, की आरोप अमान्य.

ते गेल्यावर जिन्यात त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुमी सांगाल असं वाटलं मले." आणि उतरून गेल्या.

त्यांना आमच्या कामाला हात लावू देऊ नये, असं पत्र तिकडून आलं. ते दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण बाई परत आल्याच नाहीत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, त्याच गोल अक्षरात: 'समास शून्य ठेवा. मग छापा. आधी साक्षीदार मोजा.' कार्यालय बंद होईपर्यंत ती तिथेच होती. गणेशरावांनी ती काढू दिली नाही. तेही मला कधी काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मला चहा आणून देताना कप टेबलावर ठेवून निघून जायचे. आधी थांबून दोन शब्द बोलत.

नत्थूजींकडे मी गेलो तो सहा वर्षांनी. मळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली होती, पावसाच्या भरवशावर. मी नाव सांगितलं तर त्यांनी खाट टाकली. म्हणाले, नकाशावाली बाई आली होती, चौकशी झाल्यावर आठच दिवसांनी. इथेच बसली. म्हणत होती, चूक आमच्या कागदाची आहे, बुवा.

मी विचारलं, कुणाची चूक ते सांगितलं का?

"नाई. आमच्या कागदाची, एवढंच. आन् रडे. मी म्हनलं, बाई, विहीर माही गेली, तू काहून रडून राहिली?"

ते हसले. मग तंबाखू मळत बसले. मला जे सांगायचं होतं ते तिथेही सांगितलं नाही. त्यांनी निघताना विचारलं, बाई बरी आहे ना. मी म्हणालो, बरी आहे. मला माहीत नव्हतं.

माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिचं वर्षश्राद्ध अकोल्याला मुलीकडे होतं. फोटोला हार आण म्हणून मुलीने मला पिटाळलं. पुलाजवळच्या त्या फळीपाशी मी थांबलो तेव्हा समोर कोण आहे ते मी पाहिलं नव्हतं. केस सगळे पांढरे झाले होते. बोटं पिवळी होती. बाईंनी खाली मान घालूनच विचारलं, "फोटोची चौकट केवढी हाय?" मी म्हणालो, वीतभर रुंद असेल. त्यांनी आवाज ओळखला. मान वर झाली.

"वीतभर म्हंजे किती, सर?"

मुलीने माप आणि आईचं नाव लिहून दिलेला कागद माझ्या खिशात होता, तो मी दिला. बाईंनी तो वाचला, नाव वाचलं, आणि म्हणाल्या, वहिनी गेल्या का. त्या दोनदाच आमच्या घरी आल्या होत्या, पण बायकोने दिलेलं आंब्याचं लोणचं त्यांना आठवत होतं. फलालीनच्या तुकड्यातून पट्टी निघाली. तीच. कडेचे आकडे झिजून गेले होते. त्यांनी दोरा फळीवर ताणला, पट्टी लावली, नखाने खूण केली आणि शेवंती ओवायला घेतली.

मी ठरवलं, आता. इथेच. बाजूला उदबत्तीवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर सांगायला हवं होतं, कारण बाईंवर ठपका आला तोही चार लोकांसमोर. मी म्हणालो, "बाई, ती रेघ..."

त्यांनी फूल ओवता ओवता हात किंचित वर केला. थांबा, असं. मला वाटलं, त्यांना ऐकायचं नाही. आता वाटतं, दोरा सुईतून निसटला असेल. मी थांबलो ते थांबलोच.

हार झाला. त्यांनी तो पुन्हा एकदा फळीवर आडवा ठेवून मोजला, केळीच्या पानात गुंडाळला. मग विचारलं, "आता कागद बरोबर निघून राहिले न, सर?"

कार्यालय बंद होऊन चार वर्षं झाली होती. मी म्हणालो, "हो. बरोबर निघतात."

"मंग झालं," बाई म्हणाल्या.

पाठीमागचं गिऱ्हाईक पुढे आलं. मी पुलाच्या चढापर्यंत गेलो आणि वळून पाहिलं. त्या पदराने पट्टी पुसत होत्या, आधी एक बाजू, मग दुसरी, मग कडा. उजेडात धरून पाहिली. फलालीनमध्ये गुंडाळली. आणि पुढचा दोरा ताणायला घेतला.

घरी मुलीने हार फोटोला घातला, तो चौकटीला बरोबर बसला. एक फूल इकडे नाही, एक फूल तिकडे नाही.